तांदूळ ओढणारं नाणं

कडूबाच्या अंगणात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. ज्या बोरखडीत ग्रामसभेला दवंडी देऊनही सतरंजी रिकामीच राहते, त्या बोरखडीत वडीगोद्रीहून, अंबडहून, पार घनसावंगीकडून जीपा भरभरून माणसं आली होती. बैलं गोठ्यातून काढून मागच्या चिंचेखाली बांधली होती आणि गोठ्यात चपलांचा ढीग पडला होता. मांडवाच्या मधोमध पाट, पाटावर लाल कापड आणि कापडावर कुंकवात कालवलेल्या अक्षतांची रास होती. राशीमागे राजानंद महाराज बसले होते. त्यांनी बोटाला लाल दोरा गुंडाळला होता आणि दोऱ्याच्या टोकाला शेंदरानं माखलेलं एक नाणं लोंबत होतं.

महाराजांनी नाणं सावकाश खाली सोडलं. दोन बोटांचं अंतर उरलं असतानाच रास हलली. एक दाणा उडी मारून नाण्याला चिकटला, मग दुसरा, मग बघता बघता चिमूटभर. नाणं वर घेतलं तेव्हा त्याला लाल दाण्यांची दाढी आली होती.

"बोला बजरंगबली की..."

"जय!" सगळा मांडव गरजला.

"हे साधं तांबं न्हाई, मायहो," महाराज सुरू झाले. "अठराशे अठरा साल. कंपनी सरकारचं राज. ह्या नाण्यावर हनुमंत कोरला आन त्याच रातीला आभाळातून इज पडली. ती इज नाण्यात शिरली आन तिथंच बसली. नासावाले ह्याला ढुंढून राह्यले. ह्याचा तुकडा लावल्याबिगर त्यांचं सॅटेलाइट उडत न्हाई. पर हनुमंतानं साफ सांगितलं, मी अमेरिकेला जाणार न्हाई. मी कडूबाच्या शेततळ्यात राहीन."

लोकांनी माना डोलावल्या. हनुमंत आणि सॅटेलाइट, दोघांवर एका दमात विश्वास ठेवायला आपल्याकडे कुणाला जड जात नाही. बायकांच्या मागे खांबाला टेकून उभी असलेली विमल मात्र मनात म्हणाली, हनुमंताला व्हिसा मिळाला नसेल.

विमल ही कडूबाच्या बायकोची, द्वारकाबाईची थोरली बहीण. जालन्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली आणि जुन्या नाण्यांची नादिष्ट. निजामाचे हाली सिक्के, कंपनीचे पैसे, जत्रेत विकली जाणारी बनावट नाणी, सगळं तिनं वर्षानुवर्षं जमवलं होतं. तिच्या दारात आठवड्याला एक तरी माणूस यायचा. "मॅडम, वैष्णोदेवीचं पाचाचं नाणं हाय. मोबाइलवर दाखवतेत, लाखाला जातं म्हणून." विमल ते नाणं उलटसुलट करून परत द्यायची. "पाचालाच जातं. दुकानात द्या, अर्धा चहा येईल." अशा उत्तरांमुळे ती फारशी कुणाला आवडत नव्हती.

कडूबाच्या नाण्याची बातमी तिला मुकुलकडून कळली. मुकुल हा कडूबाचा पुतण्या, जालन्यातल्या एका पोलाद कारखान्यात इंजिनिअर. दिवसभर मोठ्या लोहचुंबकाच्या क्रेननं भंगार उचलणारा हा शिकलेला गडी. त्यानं 'विज्ञानालाही न उलगडलेलं कोडं' म्हणून नाण्याचा, शेंदूर माखायच्या आधीचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला होता. विमलनं तो थांबवून मोठा करून पाहिला. नाण्यावरच्या हनुमंताच्या गदेशेजारी, कडेला, तांदळाच्या कणीएवढा टवका होता. तो टवका तिच्या ओळखीचा होता. तिनं आपला खोट्या नाण्यांचा डबा उघडला, त्यातलं एक नाणं पदराच्या गाठीला बांधलं आणि सकाळची एसटी धरली.

तोवर तिला ही गोष्ट चेष्टेचीच वाटत होती. पण महाराजांनी हाक मारली, "आकांक्षा बेटी, पुढं ये," आणि चेष्टा तिथंच संपली.

आकांक्षा ही द्वारकाची लेक, नववीतली. लहानपणापासून तिला फिट यायच्या. जालन्याच्या डॉक्टरांनी गोळी लावून दिल्यापासून दोन वर्षं एकही आली नव्हती. पोरगी पाठांतरात हुशार, बोलण्यात त्याहून. सुटीत आली की विमल मावशीच्या नाण्यांवरचं उर्दू वाचायला शिकायची. ती आता मान खाली घालून महाराजांपुढं उभी होती. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले.

"ह्या पोरीला मिरगी होती," महाराज म्हणाले. "डॉक्टर म्हन्ले जन्मभर गोळी खा. आपण नाण्याचं तीर्थ चालू केलं आन गोळी बंद. बिलकुल बंद! आली का गं फिट?"

"न्हाई," आकांक्षा पुटपुटली.

"बोला बजरंगबली की..."

विमल जयजयकाराची वाट न बघता थेट स्वयंपाकघरात गेली.

द्वारका चुलीपुढं महाराजांच्या माणसांसाठी पोळ्या लाटत होती. विमलला बघून तिचं लाटणं थांबलं. विमल काय बोलणार हे तिला ठाऊक असावं.

"द्वारके, गोळी बंद केलीस?"

"हळू बोल, अक्का. भाईर लोक हायेत."

"एकदम बंद केली की फिट पहिल्यापेक्षा जोरात येते, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं होतं. मी होते तिथं."

"मला समदं माहीत हाय." द्वारकानं पोळी तव्यावर टाकली. "तुला सांगायला काय जातंय? गोळी खाल्ली का पोरगी दुपारपोहोत झोपाळती. वर्गात मान टाकती. सोयऱ्यात कळलं तर उद्या तिला करील का कुणी? मला काय हौस हाय व्हय? तिला बरं करतो म्हणणारा माणूस घरी चालत आला. मी त्याला न्हाई म्हणू?"

लेकीच्या आजारानं थकलेल्या आईला बुडत्यासारखा काडीचा आधार लागतो, आणि काडी विकणारे नेमके अशाच काठावर दुकान मांडून बसतात. विमलनं नजर फिरवली. कोपऱ्यात तांब्याचं मोठं घंगाळ झाकून ठेवलं होतं. तिनं झाकण उचललं. आत दूध, दही, मध असं पंचामृत होतं, वर लिंबाच्या फोडी तरंगत होत्या आणि सगळ्याला शेवाळासारखी हिरवी झाक आली होती.

"हे काय?"

"तीर्थ. नाणं रोज रातीला ह्याच्यात ठिवायचं. सकाळी समद्याला वाटायचं. महाराजांनी तांब्याचंच घंगाळ आणायला लावलं."

"कल्हई आहे का याला?"

"न्हाई. कल्हईनं शक्ती अडती म्हन्ले."

"द्वारके, तू कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवशील?"

"येडी का काय! कळकतंय ना."

"कळकलेलं ताक पोरीला देशील?"

"कामून दीन? ओकारी होती."

"मग हे काय आहे?"

द्वारका घंगाळाकडे बघत राहिली. तिच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं, तव्यावरची पोळी करपायला लागली.

"ते घरचं दही, अक्का," ती शेवटी म्हणाली. "हे देवाचं हाय."

विमलला त्या क्षणी बहिणीचा राग आला नाही, तिची भीती वाटली. या गावातल्या प्रत्येक बाईला दही कशात कळकतं ते आईच्या पोटातून येतानाच ठाऊक असतं. आंबट आणि तांबं एकत्र आलं की तांबं विरघळतं, ते पोटात गेलं की पोट ढवळतं. यासाठी रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. आणि तरी त्या सगळ्या रोज सकाळी रांगेत उभ्या राहून ते हिरवं पाणी ओंजळीत घेत होत्या. पोरं ओकली की महाराज म्हणत, दोष बाहेर पडून राह्यला.

"एकदा मला ते नाणं बघू दे," विमल म्हणाली.

"न्हाई. महाराजांबिगर कुणी बघायचं न्हाई. देवाला तपासत असतेत का?"

आकांक्षा दारात येऊन उभी राहिली होती. "मावशी, आई सकाळी तीर्थ देती तवा मला लई मळमळतंय," ती म्हणाली. द्वारकानं ऐकलं न ऐकलं करून दुसरी पोळी लाटायला घेतली.

दुसऱ्या दिवशी घटस्थापना होती. या घराचा रिवाज जुना. घट बसायच्या सकाळी देवघरातले सगळे देव परसात दगडावर नेऊन चिंचेनं घासायचे, उजळायचे आणि मग विड्याच्या पानावर बसवायचे. एकदा बसले की नऊ दिवस हलवायचे नाहीत. द्वारकाच्या सासूनं मरेपर्यंत तो नेम मोडला नाही, द्वारकानंही मोडला नव्हता. पहाटे विमल परसात गेली तेव्हा द्वारका दगडापुढं बसली होती. टाक, अन्नपूर्णा, बाळकृष्ण लखलखत होते. नाणं मात्र बाजूला ताटलीत, शेंदराच्या पुटाखाली तसंच होतं.

"हे नाही उजळत?" विमलनं विचारलं.

"हात लावायचा न्हाई म्हन्ले."

"मग घटात बिनउजळलेला देव बसवणार? सासूबाईंनी बसवला असता?"

महाराजांचा हुकूम एकीकडं आणि सासूचा नेम दुसरीकडं. या ओढाताणीत सासू जिंकली. द्वारकानं तेलाचं बोट लावून शेंदूर पुसला, चिंचेचा गोळा घेतला आणि नाणं घासायला लागली. विमल शेजारी उकिडवी बसली. तपासायचा नसलेला देव उजळायला मात्र चालत होता. देवाच्या कारभारात एवढी एक खिडकी उघडी राहिली होती.

तांबं लालबुंद झालं. हनुमंत दिसला, गदा दिसली, गदेजवळचा टवकाही दिसला. पण नाण्याच्या कडेला, सगळीकडून गोल, एक पांढरी रेघ उरली होती. द्वारकानं ती पुन्हा घासली. रेघ जाईना.

"हे उजळंना कामून?"

"ते तांबं नाही. दोन पातळ पत्रे कथलानं झाळून एकमेकांना चिकटवलेत. आत काहीतरी आहे." विमलनं पदराची गाठ सोडली आणि आपलं नाणं शेजारी ठेवलं. "आता हे बघ. हे मी जालन्याच्या बाजारात एका भंगारवाल्याकडून घेतलं होतं, खोट्याचा नमुना म्हणून. याच्या आत काही नाही, पण तोंड बघ."

द्वारकानं दोन्ही नाणी हातात घेतली. तोच हनुमंत, तीच गदा. गदेजवळ त्याच जागी, त्याच मापाचा टवका.

"नाणं जमिनीत पडलं, घासलं, तर त्याला जखम होते," विमल हळू आवाजात म्हणाली. "पण दोन नाण्यांना एकाच जागी तीच जखम होत नाही. ती साच्याची जखम आहे. एका साच्यातून जेवढी काढली तेवढी सगळी असलीच निघतात. आणि कंपनीनं हनुमंताचं नाणं कधी पाडलंच नाही, द्वारके. कुणीतरी बनवलं, कुणीतरी शेततळ्यात टाकलं."

"पर शेततळ्याचा मुरूम काढताना तर आपल्याच माणसांना सापडलं."

"आदल्या दिवशी महाराज जागा बघायला आले होते ना?"

महाराज आले होते. रस्त्याकडची जमीन आश्रमाला द्यावी असं त्यांनी नंतर कडूबाला सुचवलंही होतं. द्वारका नाणी ताटलीत ठेवून उठली, घरात गेली. विमल मागं गेली तेव्हा द्वारका कपाटातून गोळ्यांची पुडी काढून आकांक्षाच्या तोंडात गोळी घालत होती.

"पाणी पी बेटा. जल्दी पी."

आकांक्षानं गोळी गिळली. पण महाराजांच्या एका भक्तिणीनं तिला सकाळचं तीर्थ आधीच पाजलं होतं. पोरगी मोरीपर्यंत धावली आणि हिरवं पाणी, गोळी, सगळं ओकून टाकलं. द्वारका मोरीच्या उंबऱ्यात बसून त्या गोळीकडे बघत होती.

बाहेर मांडव पुन्हा भरला होता. महाराजांच्या माणसानं परसातल्या ताटलीतून त्यांचं नाणं आणून पुन्हा दोऱ्याला बांधलं होतं. आकांक्षाला विमलनं आतल्या खाटेवर निजवलं आणि ती बाहेर गेली. आज तिला बोलावंच लागणार होतं, कारण कडूबानं अजून रस्त्याकडची जागा दिली नसली तरी दुपारी द्यायचं कबूल केलं होतं. तिच्या हातात कपभर तांदूळ होते.

"महाराज, एक विनंती आहे. आमच्या घरच्या तांदळालाही हनुमंताचा हात लागू द्या."

महाराज हसले. "ताई, त्याला मंत्र लागतो."

"घाला मंत्र. आम्ही थांबतो."

लोकांना ते बरं वाटलं. महाराजांना नाही म्हणता येईना. त्यांनी डोळे मिटून ओठ हलवले, नाणं कोऱ्या तांदळावर सोडलं. तांदूळ जागचा हलला नाही.

"रेशनचा असंल!" मागून कुणीतरी म्हणालं आणि मांडवात खसखस पिकली.

"ह्या तांदळावर पापी माणसाचा हात हाय," महाराज म्हणाले. त्यांचा आवाज आता गोड राहिला नव्हता.

विमलनं त्यांच्या राशीतल्या मूठभर अक्षता पाण्याच्या ग्लासात टाकल्या आणि ढवळल्या. कुंकू सुटलं, पाणी लाल झालं. तिनं पाणी ओतून टाकलं. तांदळाखाली काळी भुकटी उरली.

"मुकुल, इकडे ये. तुमच्या कारखान्यात याला काय म्हणतात?"

मुकुल मोबाइल खाली करून पुढं आला. त्यानं भुकटी बोटांत चोळली, वास घेतला. त्याचा चेहरा उतरला. "लोखंडाचा चुरा," तो म्हणाला. "पण मावशी, हे कसं..."

"कुंकवाखाली दिसत नाही म्हणून. तांदूळ नाही ओढत तुझं नाणं, चुरा ओढतंय."

महाराजांनी झटकन नाणं मुठीत घेतलं. "काल हात लावू नका सांगितलं होतं! ह्या बाईनं देव उजळला. शक्ती गेली! दोष तुमचा!"

लोकांत कुजबूज झाली. चोराच्या उलट्या बोंबा असतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. आपलाच चोर असला की मात्र ओरड खरी वाटते. दोन-चार जण विमलच्या अंगावर धावले. तेवढ्यात द्वारका घरातून अडकित्ता घेऊन आली. ती कुणाशी काही बोलली नाही. तिनं महाराजांची मूठ उघडली. इतक्या लोकांत बाईचा हात झटकणं त्यांना जमलं नाही. तिनं नाणं अडकित्त्यात धरून कडेच्या पांढऱ्या रेघेवर दाबलं. एकदा, दुसऱ्यांदा. पत्रे सुटे झाले आणि आतली काळी चकती टक्‌कन अडकित्त्याच्या पात्याला जाऊन चिकटली.

"इज हाय का ही?" तिनं महाराजांपुढं अडकित्ता धरला. "जत्रेतल्या दुकानात असतंय हे! फ्रिजला लावायचं!"

कडूबा पहिल्यांदाच बोलला. "द्वारके, देव कापला तू!"

"देव नव्हता हो त्यो! लोहचुंबक व्हतं!"

महाराज उठून उभे राहिले. त्यांच्या धंद्यात हीच वेळ कामाची असते. त्यांनी दोन्ही हात वर केले. "देव कापला! आता कोप बघा! ह्या घरावर कोप बघा!"

आणि त्याच वेळी घरातून किंकाळी आली.

आकांक्षा खाटेवरून खाली पडली होती. अंग ताठ, मग झटके, डोळे पांढरे, तोंडाला फेस. दाराशी गर्दी झाली. विमल आत शिरून तिला कुशीवर वळवायला लागली तोच एक बाई ओरडली, "अंगात आलं! आज घट बसला! आईसाहेब आल्या!"

बस्स. मग कुणाला थांबवायचं? कुणीतरी हळद-कुंकवाचं ताट आणलं. बायका पोरीच्या पायाशी डोकं ठेवायला लागल्या. एकीनं तिच्या कपाळाला मळवट भरला, दुसरी ओटी भरायला तांदूळ घेऊन आली. बाहेर कुणी हलगी वाजवायला लागलं. झटके थांबेनात, आणि जितके झटके वाढले तितकी हलगी वाढली.

"सोडा तिला! फिट आहे ही! श्वास कोंडतोय तिचा!" विमल किंचाळत होती.

"आईला फिट म्हणती! ह्याच बाईमुळं कोप झालाय!"

"मुकुल, गाडी काढ!"

मुकुल किल्ली हातात धरून उभा होता. तो एकदा विमलकडे बघत होता, एकदा महाराजांकडे. इतका वेळ चुंबक समोर दिसूनही त्याचे पाय हलत नव्हते. शिकलेल्या माणसाचं हेच फार वाईट असतं. पटलं तरी लोकांदेखत उठायला त्याला कुणाची तरी परवानगी लागते.

द्वारका परवानगीसाठी थांबली नाही. तिनं पायावर पडलेल्या बायकांना खांद्यानं ढकललं, हळद-कुंकवाचं ताट उडवून लावलं, लेकीला कवेत उचललं आणि मुकुलच्या कानाखाली वाजवली. "चल म्हन्लं ना!" गर्दी फुटली ती त्या आवाजानं. तरी गोठ्यातल्या चपलांचा ढीग बाजूला करून, वाटेतल्या जीपा हलवून गाडी रस्त्याला लागेपर्यंत फार वेळ गेला. अंबडला इंजेक्शन दिलं, तिथून जालन्याला नेलं. वाटेत झटके येतच राहिले. द्वारका मागच्या सीटवर लेकीचं तोंड एका कुशीला धरून बसली होती आणि एकच वाक्य म्हणत होती, "मला माहीत व्हतं. मला माहीत व्हतं."

आकांक्षा वाचली. मात्र पहिली आकांक्षा परत आली नाही. डॉक्टरांनी विमलला बाजूला घेऊन सांगितलं, झटके फार वेळ चालले, मेंदूला प्राणवायू पोचला नाही. किती सुधारेल, सांगता येणार नाही. निजामाच्या नाण्यावरचं उर्दू वाचणारी पोरगी आता पाणी मागतानाही शब्दाला अडखळते. चमचा धरला तर हात थरथरतो. आईला ती ओळखते, कधी कधी मावशीलाही.

राजानंद महाराज त्याच दुपारी कुणाच्या तरी जीपमधून निघून गेले. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार विमलनं दिली. पोलिसांनी लोखंडाचा चुरा, चकती आणि फुटलेले पत्रे जप्त केले. साक्षीदार मात्र मिळेनात. मांडवात एवढी माणसं होती, पण विचारलं की प्रत्येकाचं उत्तर एकच, "आम्ही मागं बसल्तो, नीट दिसलं न्हाई." मुकुलनं आपला व्हिडिओ ग्रुपवरून काढून टाकला. खोटं सिद्ध झाल्याचा दुसरा व्हिडिओ टाक म्हणून विमल त्याला दोनदा म्हणाली. तो म्हणाला, "मावशी, उगाच वाद नको." गावात अजून अर्धे लोक म्हणतात, नाणं खरं होतं, उजळायला नको होतं. ते ऐकून कधी कधी विमलला वाटतं, खोटं नाणं ओळखायला सोपं असतं. त्याचा आवाज वेगळा येतो, कड वेगळी दिसते, साच्याची जखम लपत नाही. माणसाच्या मनात घट्ट बसलेलं खोटं कशानं ओळखावं, ते तिच्या डब्यात कुठंच नव्हतं.

दिवाळीनंतर ती बोरखडीला गेली होती तेव्हाची गोष्ट. दुपारी अंगणात एक बाई आली. नाव शिवकन्या, गाव घनसावंगीच्या पलीकडचं, तीन जीपा बदलून आली होती. कडेवर सहा-सात वर्षांची मुलगी, मान टाकलेली.

"कडूबाचं घर हेच का?" तिनं विचारलं. "हिथं नाण्याचं तीर्थ मिळतंय म्हणून ऐकलं. आमच्या हिला मिरगी हाय. लई लांबून आल्ते, बाई. न्हाई म्हणू नका."

बातमी पोचली होती. नाणं तांदूळ ओढतं, ही. अडकित्त्यानं कापलं, ही मधेच कुठंतरी जिरली होती. विमल बोलायला पुढं झाली, पण द्वारकानं तिला हातानं थांबवलं.

"या," ती शिवकन्येला म्हणाली. "आत या. तीर्थ घेऊन तुम्हाला काय मिळतंय ते दावते."

खिडकीजवळ खाटेवर आकांक्षा बसली होती. तिच्या गळ्याभोवती फडकं बांधलं होतं. द्वारकानं वाटीतला भात चमच्यात घेतला, तिच्या तोंडापाशी नेला. आकांक्षानं तोंड उघडायला वेळ लावला. भात अर्धा आत गेला, अर्धा फडक्यावर सांडला. द्वारकानं तो पुसला.

"ही माझी लेक. नववीत पयला नंबर आला व्हता. हिला तीर्थ मी दिलं. गोळी मी बंद केली. कुणी जबरदस्ती न्हाई केली." ती शिवकन्येकडे वळली. "दही तांब्यात कळकतं, हे तुला माहीत हाय का न्हाई?"

"हाय की."

"मला बी व्हतं. रोज सकाळी हिरवं पाणी दिसायचं, रोज पोरगी ओकायची, आन मी म्हणायची, देवाचं हाय. घरातल्या ताकाला जे इचारलं असतं, ते मी त्या माणसाला इचारलं न्हाई. बाजारात मडकं घेताना बोटानं वाजवून घेती ना तू? भाजीवाल्याची भाजी उलटून बघती ना? मंग लेकराच्या जिवावर हात ठेवणाऱ्याला वाजवून बघायची लाज कामून वाटती आपल्याला?"

शिवकन्येची नजर आकांक्षाच्या फडक्यावर खिळली होती.

"डॉक्टरांनी काय दिलंय हिला?"

शिवकन्येनं पिशवीत हात घातला. कागदात गुंडाळलेल्या गोळ्या, अर्ध्याहून जास्त तशाच.

"आज घेतली?"

तिनं नकारार्थी मान हलवली. "तीर्थ घ्यायचं म्हणून कालपासून..."

द्वारका उठली. माठातून पाणी घेऊन आली आणि शिवकन्येच्या मुलीपुढं बसली. तिनं कागद तोंडापाशी नेऊन वाचला, वेळ वाचली, दिवसाला किती ते पुन्हा एकदा वाचलं. मग एक गोळी त्या पोरीच्या तळहातावर ठेवली आणि ग्लास तिच्या ओठाला लावला.

"गिळ बाळा," ती म्हणाली. "मावशी हिथंच हाय. समदी गिळ."